नऊ मतांचा आमदार

अमरेगौडांनी मला कामावर ठेवलं तेव्हा ते आमदार नव्हते. जिल्हा परिषदेला दोनदा निवडून आलेले, विधानसभेला दोनदा पडलेले, आणि तिसऱ्यांदा पडायची ताकद न उरलेले अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ. मी तहसील कचेरीसमोर टायपिंगचं मशीन घेऊन बसायचो. एकदा मोटार थांबवून ते मला म्हणाले, "वीरभद्रप्पा, तुझ्या हातचा कागद कचेरीत कुणी परत करत नाही म्हणे. माझ्याकडं ये." मी गेलो. त्याला आता चौदा वर्षं झाली.

पुढं एका उन्हाळ्यात आमच्या मतदारसंघाचे आमदार हृदयविकारानं गेले आणि पोटनिवडणूक लागणार हे ठरलं. गौडांनी आखणी सुरू केली. गावागावाची मतं त्यांना तोंडपाठ होती. कुठल्या आळीत कोण नाराज, कुणाच्या लग्नाला आपण गेलो नाही, सगळं. एका दुपारी जेवताना त्यांनी ज्वारीची भाकरी मोडता मोडता विचारलं, "हंचिनगड्डीची किती?"

"एकशे त्रेचाळीस," मी म्हणालो.

"आपल्याला किती पडतील?"

मी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. हंचिनगड्डी म्हणजे कृष्णेच्या दोन धारांमधलं बेट. तीसेक घरं, एक मारुतीचं देऊळ, एक शाळा. गौडांच्या वडिलांच्या काळात मोठा पूर आला होता, तेव्हा सरकारनं पाठवलेली होडी त्यांनी आधी आपली गुरं काढायला वळवली. गड्डीवरची माणसं दोन दिवस देवळाच्या छपरावर बसून होती. त्यात कुणी मेलं नाही, पण त्यानंतर गौडांच्या घराला गड्डीवरून एकही मत पडलं नाही. या गोष्टीला चाळीस वर्षं झाली होती.

"तिथल्या शाळेचं छप्पर कसं आहे?" गौडांनी विचारलं.

"चांगलं आहे. चार वर्षांपूर्वीच नवे पत्रे घातलेत."

"धोकादायक आहे," ते म्हणाले. "लिहून घे."

मी भाकरी खाली ठेवली आणि लिहून घेतलं. हंचिनगड्डीच्या शाळेची इमारत मोडकळीस आली असून पावसाळ्यात तिथं मतदान घेणं कर्मचाऱ्यांच्या जिवाला धोक्याचं आहे, तरी मतदान केंद्र नदीकाठच्या नेलहाळ गावी हलवावं. खाली नेलहाळच्या पंचायतीचा अध्यक्ष सही करणार होता. तो गौडांचाच माणूस. गौडांचं नाव कागदावर कुठंच नव्हतं.

"मी काय त्यांना मत देऊ नका म्हणतोय का?" गौडा हात धुता धुता म्हणाले. "जरा हातपाय हलवा म्हणतोय. ज्यांना फारच हौस असेल ते येतील. निम्मे आले तरी पुष्कळ."

मी ते टाईप केलं. चांगलं केलं. समास सोडून, परिच्छेद पाडून, एकही चूक न करता. मतदानाच्या कर्मचाऱ्यांनाही बेटावर जाऊन रात्र काढायचा कंटाळाच होता. कागद कुठंही अडला नाही.

मतदान कार्तिकात झालं. नदी अजून दोन्ही थड्या भरून वाहत होती. गड्डीवरच्या माणसांनी निम्मं यायचं सोडा, एकूण एक यायचं ठरवलं. केंद्र हलवलं याचा राग होता. बहुतेक म्हाताऱ्या सकाळीच उतरून मत देऊन नेलहाळच्या वडाखाली बसल्या. हरगोल, म्हणजे वेताची गोल होडी, तिच्या फेऱ्या दिवसभर चालू होत्या. शेवटची फेरी दुपारी तीनला निघाली. होडीत सतरा जण होते. मधल्या डोहापाशी धारेनं होडी फिरवली आणि ती एका बाजूला कलंडली. होडीवाला तिप्पण्णा आणि पाच जण वाचले. अकरा गेले. सगळी वयात आलेली माणसं, सगळ्यांच्या हातात मतदानाच्या चिठ्ठ्या.

आम्ही तालुक्याला गौडांच्या घरी होतो. माझ्या फोनवर बातमी आली. मी आत जाऊन सांगितलं. गौडा खुर्चीवर बसून हिशेब लावत होते, कुठं किती टक्के झालं त्याचा. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "येताना की जाताना?"

मला आधी कळलंच नाही.

"मत देऊन परत जात होते की द्यायला येत होते?"

"द्यायला येत होते," मी म्हणालो.

ते माझ्याकडं बघत राहिले. आपण काय विचारलं ते त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यांनी हातातला कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि उठून आत गेले. त्या दिवशी ते पुन्हा बाहेर आले नाहीत. नेलहाळला जायला हवं असं कार्यकर्ते म्हणत होते. गौरम्मानं, त्यांच्या बायकोनं, दाराआडून सांगितलं की त्यांना बरं नाही.

मोजणीला तीन दिवसांनी बसलो. संध्याकाळी आकडा आला. अमरेगौडा नऊ मतांनी पुढे. समोरच्या राजशेखरप्पांनी फेरमोजणी मागितली. पुन्हा नऊच. कार्यकर्त्यांनी गुलाल आणला, हलगी आणली. गौडांनी मला जवळ बोलावलं आणि कानात म्हणाले, "वीरभद्रा, अकरातून नऊ गेले किती?"

मी म्हणालो, "साहेब, लोक बघतायत."

"दोन," ते म्हणाले. "दोन मतांनी मी पडलोय."

राजशेखरप्पा कोर्टात जाणार अशी बोलवा होती. वकिलानं त्यांना समजावलं की न पडलेलं मत मोजता येत नाही, आणि मेलेल्यानं कुणाला दिलं असतं हे शपथेवर कुणी सांगू शकत नाही. ते गप्प बसले.

बंगळूरला शपथ झाली. मी आता आमदारांचा सहायक झालो होतो. विधानसौधात प्रेक्षकांच्या सज्जाचे पास काढणं, प्रश्नांच्या नोटिसा देणं, गावाकडच्या माणसांना कॅन्टीन दाखवणं ही कामं माझ्याकडं आली. पहिल्याच आठवड्यात प्रश्नोत्तराचा तास संपल्यावर गौडा लॉबीत आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "आपल्याकडच्या लोकांना पास कुणी दिले?"

"कुणाला, साहेब? आज आपल्याकडचं कुणीच नाही."

"सज्जात. तिसऱ्या ओळीत बसलेत. कपडेसुद्धा बदलून आले नाहीत."

पास मीच द्यायचो. त्या दिवशी एकही दिलेला नव्हता. मी वर जाऊन बघितलं. तिसरी ओळ रिकामी होती. तिथला शिपाई वाकून बाकडं फडक्यानं पुसत होता. काय सांडलंय असं त्याला विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. खाली येऊन मी सांगितलं की कुणी नाही. गौडांनी मान हलवली. पुढं अधिवेशनभर त्यांनी सज्जाकडं पाठ होईल अशा बेतानं बसायचा प्रयत्न केला. सभागृहात तसं बसता येत नाही.

मंगळवारी तालुक्याला त्यांचा दरबार असायचा. अंगणात मांडव, खुर्च्या, एका कोपऱ्यात चहा आणि मंडक्की-मिरची, म्हणजे चुरमुरे आणि मिरचीची भजी. लोक अर्ज घेऊन यायचे. निवडणुकीनंतरच्या चौथ्या मंगळवारी गड्डीवरची यंकम्मा आली. साठीची बाई, काटक, कपाळावर जुनं गोंदण. तिची मुलगी रेणुका बुडालेल्यांत होती. एकोणीस वर्षांची. तिचं पहिलंच मत होतं. यंकम्मा सकाळीच मत देऊन काठावर मुलीची वाट बघत उभी होती, आणि सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं होतं.

तिनं ओळीत उभं राहून, आपला नंबर आल्यावर, एक कागद पुढं केला. पाण्यानं तपकिरी झालेला, पण अक्षर वाचता येत होतं.

गौडांनी वाचलं. "ही साबव्वा कोण?"

"आमच्या शेजारची. म्हातारपणाची पेन्शन मागितलीय तिनं."

"तिला घेऊन या ना पुढच्या वेळी."

"ती गेली की, गौडरे. होडीत व्हती."

गौडांनी कागद टेबलावर ठेवला. "अव्वा," ते म्हणाले, "मग ही पेन्शन मंजूर करून कुणाला देऊ?"

"ते मला काय ठावं? तिनं अर्ज केलाय. रेणुकानं लिहून दिला. मतदानाच्या दिवशी तालुक्याचा मोठा सायेब नेलहाळला येतो, त्येच्या हातात द्यायचं ठरलं व्हतं. समद्यांचे अर्ज रेणुकाच्या पिशवीत व्हते. खताच्या पिशवीत बांधून आत घातलेले. पिशवी दुसऱ्या दिवशी काठाला लागली." तिनं कागदावर बोट ठेवलं. "तुमी आमदार कुणाचं? साबव्वाचं न्हाई?"

"तिचाही आहे," गौडा म्हणाले.

"मग उत्तर द्या तिला."

गौडांनी अर्जावर शेरा मारला, सही केली, तहसीलदाराकडं पाठवा म्हणून मला दिला. यंकम्मा निघून गेली. आम्हाला वाटलं झालं. पुढच्या मंगळवारी ती दुसरा कागद घेऊन आली. कुणा हनुमंतानं रेशन कार्डावर बायकोचं नाव चढवायला सांगितलं होतं. दोघंही होडीत होते. त्याच्या पुढच्या मंगळवारी आणखी एक. कार्यकर्ते वैतागले. एक जण तिला म्हणाला, "म्हातारे, सगळे एकदम दे ना. किती खेपा घालशील?"

"त्यांनी आपापले वेगवेगळे लिवून घेतलेत," ती म्हणाली. "एकाच्या अर्जात दुसऱ्याचा कसा घालू?"

"आणि जे जिते आहेत त्यांचे?"

"जित्यांचं जिती बगतील."

हळूहळू मंगळवारी मांडवात एक वेगळीच शांतता यायला लागली. यंकम्मा ओळीत असली की पुढची-मागची माणसं तिच्यापासून जरा अंतर ठेवून उभी राहायची, जणू तिच्या शेजारी आणखी कुणासाठी तरी जागा सोडलीय. मी टेबलाशी बसून नावं लिहायचो. एकदा मी ओळीतली माणसं मोजली. सव्वीस. नावं लिहिताना पंचवीसच झाली. पुन्हा मोजायचं धाडस केलं नाही.

गौडा मात्र तिच्या कागदांवर मन लावून काम करायला लागले. इतर अर्ज माझ्यावर टाकायचे, हे स्वतः बघायचे. तहसीलदाराला फोन करायचे, "साबव्वाच्या पेन्शनचं काय झालं?" तिकडून तो चाचरत सांगायचा की साहेब, बाई मयत आहे. "मयत आहे हे मला माहीत आहे," गौडा म्हणायचे. "अर्ज केला तेव्हा नव्हती. तेव्हाच्या तारखेनं उत्तर द्या." तहसील कचेरीत त्यांची टवाळी सुरू झाली. मेलेल्यांचा आमदार म्हणायला लागले. गौडांच्या कानावर ते गेलं, पण ते रागावले नाहीत.

त्यांनी मांस सोडलं, नंतर नदीचं पाणी सोडलं. आमच्या तालुक्याला नळाला कृष्णेचंच पाणी येतं. ते विहिरीचं मागवायला लागले. गौरम्मा मला एकदा स्वयंपाकघराच्या दारात म्हणाली, "वीरभद्रप्पा, अंघोळीचं पाणी काढलं की हे नुसतं बादलीकडं बघत बसतात. काय आहे ते मला तरी सांगा."

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझंही सांगावं लागलं असतं.

शेवटचा कागद संक्रांतीनंतर आला. तो कुणा एकाचा नव्हता. वर रेणुकाचं सुवाच्य अक्षर, खाली सह्या आणि अंगठे, पानाच्या दोन्ही बाजूंना. यंकम्मा म्हणाली, "हा मीच ठेवला व्हता. लई दिवस वाचता आला न्हाई. नातवानं वाचून दावला."

गौडांनी तो मला दिला. "मोठ्यानं वाच."

मी वाचला. "आमच्या गावचं मतदान केंद्र नेलहाळला हलवलं आहे. कारण शाळेचं छप्पर धोकादायक आहे असं लिहिलं आहे. आम्ही दहा जणांनी शिडी लावून छप्पर बघितलं. एकही पत्रा सैल नाही. श्रावणात सात दिवस झड लागली तेव्हा आम्ही खाली पोती पसरून बघितली, ती कोरडी राहिली. ज्यानं धोकादायक लिहिलं त्यानं एक दिवस येऊन त्या छपराखाली बसावं. आमचं केंद्र आम्हाला परत द्यावं. नदी ओलांडून यायला लावू नये."

मी कागद घडी करून टेबलावर ठेवला. गौडांनी विचारलं, "गड्डीवर होडी जाते का आता?"

"दुसरी जाते," यंकम्मा म्हणाली. "तिप्पण्णानं वल्हं टाकलंय."

"उद्या येतो," गौडा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच गेलो. कार्यकर्ते नाहीत, पोलीस नाहीत. ऊन चांगलं वर आलं होतं. पाणी उतरलं होतं, काठाकाठानं खडक उघडे पडले होते, फक्त मधला डोह तसाच काळा होता. होडीत गौडांनी डोळे मिटून घेतले होते. डोहावरून जाताना त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार होता. पलीकडं उतरलो तेव्हा गड्डीवरची माणसं दारांत उभी राहून बघत होती. कुणी या म्हणालं नाही, कुणी अडवलंही नाही. चाळीस वर्षांत त्या घरातला माणूस पहिल्यांदा तिथं उतरला होता.

शाळेला सुट्टी होती. यंकम्मानं कुलूप काढून दिलं. आत मुलांची बसकुरं, भिंतीवर पाढे, एका कोपऱ्यात घंटा. गौडा वर बघत मधोमध उभे राहिले. पत्रे सारखे, घट्ट, खिळे अजून चकाकत होते. मग ते खाली जमिनीवर बसले. मी दारात उभा राहिलो.

यंकम्मा भिंतीला टेकून बसली होती. शेवटी ते म्हणाले, "अव्वा, तो अर्ज माझा आहे."

"कुठला?"

"छप्पर धोकादायक आहे म्हणून लिहिलेला. सही नेलहाळच्या अध्यक्षाची आहे, पण सांगितला मी. तुमची मतं मला पडत नाहीत म्हणून. मला वाटलं निम्मे येणार नाहीत."

यंकम्मा त्यांच्याकडं बघत राहिली. मला वाटलं ती ओरडेल, अंगावर धावून जाईल. बाहेर पाच-सहा माणसं जमली होती, त्यांनीही ऐकलं.

"लिहिला कुणी?" तिनं विचारलं.

"टाईप करून घेतला."

"कुणाकडनं?"

गौडा पुन्हा वर पत्र्यांकडं बघायला लागले. त्यांनी माझं नाव घेतलं नसतं, हे मला ठाऊक आहे. मी म्हणालो, "माझ्याकडनं, अव्वा."

तिनं मान वळवून माझ्याकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं. इतके मंगळवार मी तिचं नाव वहीत लिहीत होतो, पण मी तिला तोवर दिसलोच नव्हतो बहुतेक.

"रेणुकाला टायपिंग शिकायचं व्हतं," ती म्हणाली. "तालुक्याला कचेरीसमोर एक जण चांगलं शिकवतो म्हणायची. मतदान झालं की ती त्येच्याकडं जायची व्हती."

कचेरीसमोर मी सोडून दुसरं कुणी बसत नसे. आठवड्यातून दोन सकाळी मी अजूनही जात होतो, दोन-चार मुलांना शिकवत होतो. मी चौकटीला हात लावून उभा राहिलो. त्यानंतर आत काय बोलणं झालं ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की निघताना गौडा बाहेरच्या माणसांपुढं हात जोडून उभे राहिले, आणि एक म्हातारा म्हणाला, "आमच्यापुढं नका जोडू. आमी जिती हाय."

अर्थसंकल्पाचं अधिवेशन फाल्गुनात होतं. गड्डीला पूल हवा या मागणीवर बोलायची वेळ गौडांनी मागून घेतली होती. मी भाषण टाईप करून देऊ का विचारलं, तर म्हणाले, "नको. तुझ्या हातानं पुन्हा नको." ते कागदाशिवाय उभे राहिले. मी अधिकाऱ्यांच्या सज्जात होतो.

"अध्यक्ष महाराज," ते म्हणाले, "हंचिनगड्डीच्या शाळेचं छप्पर गळत नाही. मी त्याखाली बसून आलो आहे. तिथलं मतदान केंद्र खोटं कारण देऊन हलवायला मी लावलं. त्यामुळं अकरा मतदार बुडाले. मी नऊ मतांनी या जागेवर बसलो आहे. ती अकरा माणसं आज इथं आली आहेत, त्यांच्यासमोर सांगतो..."

पुढं त्यांना बोलू दिलं नाही. त्यांच्याच पक्षाचे लोक उठून आरडाओरडा करायला लागले. विरोधकांनी बाकं वाजवली. ध्वनिक्षेपक बंद झाला. अध्यक्षांनी ते बोलणं विषयाला सोडून आहे म्हणून कामकाजातून काढायला सांगितलं. गौडा सज्जाकडं तोंड करून उभेच होते. ओठ हलत होते. मी त्यांच्या नजरेच्या रोखानं बघितलं. तिसऱ्या ओळीत कुणी नव्हतं. पण गौडा एकेका जागेवर नजर थांबवत, एकेक नाव घेत चालले होते, आणि अकरावं नाव घेऊन झाल्यावरच खाली बसले.

दुसऱ्या दिवशी छापील कामकाज आलं. त्यात त्यांच्या नावापुढं फक्त 'अडथळा' असा शब्द होता. वर्तमानपत्रांनी लिहिलं की सदस्याची प्रकृती बिघडली.

त्याच दुपारी त्यांनी हातानं लिहिलेला राजीनामा दिला. अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं, कुणाच्या दडपणाखाली देताय का? "हो," गौडा म्हणाले, "पण तुम्ही म्हणता त्या नाही." पक्षाचे नेते दोन दिवस समजावत राहिले. मग त्यांनीही नाद सोडला.

गावी परत आल्यावर ते पोलीस ठाण्यात गेले, मलाही बरोबर नेलं. फौजदार तरुण होता. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं लिहून घेतलं, आणि शेवटी म्हणाला, "साहेब, केंद्र हलवायचा अर्ज देणं हा गुन्हा होत नाही. कारण खोटं होतं हे खरं, पण पाहणी करून हुकूम कचेरीनं काढला. होडीत माणसं जास्त भरली ती होडीवाल्यानं. तुम्हाला कशात घेऊ?"

"काहीतरी असेल ना," गौडा म्हणाले. "नीट बघा."

त्यानं खरोखर पुस्तक काढून बघितलं. मग पुस्तक मिटलं. आम्ही उठलो. बाहेर पायरीवर गौडा म्हणाले, "घेत नाही म्हणतो." एखाद्याला शाळेत प्रवेश नाकारावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. त्यानंतर ते घराबाहेर फारसे पडले नाहीत. मंगळवारी मांडव घातला जात नसे, तरी ते त्याच जागी खुर्ची टाकून बसायचे. सकाळपासून दुपारपर्यंत. कुणी येत नसे. मी शेजारी बसायचो. अधूनमधून ते हात पुढं करून काही घेतल्यासारखं करायचे, वाचायचे, आणि मान हलवून म्हणायचे, "बघतो. नक्की बघतो."

पुन्हा पोटनिवडणूक लागली, वैशाखात. या वेळी हंचिनगड्डीचं केंद्र शाळेतच होतं. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी पहाटेच्या होडीनं गेलो आणि दिवसभर देवळाच्या कट्ट्यावर बसलो. वल्ह्यावर तिप्पण्णा होता. सहा महिन्यांनी त्यानं पुन्हा हात लावला होता. मतदानाची माणसं न्यायला-आणायला मीच येणार, दुसरं कुणी नको, असं तो म्हणाला म्हणे.

यादीत एकशे त्रेचाळीस नावं होती. मेलेल्यांची अजून कमी केली नव्हती. दुपारी चारपर्यंत एकशे एकतीस मतं झाली. यंकम्मा तेवढी राहिली होती. ती शाळेच्या पायरीवर बसली होती.

मतदानाचे अधिकारी भले गृहस्थ होते. ते दारात येऊन म्हणाले, "अव्वा, चला. सगळी झाली."

"अजून न्हाई," ती म्हणाली.

"आणि कोण राहिलंय?"

ती नदीकडच्या वाटेवर नजर लावून बसून राहिली. पाच वाजले. साडेपाच वाजले. अधिकाऱ्यांनी माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं. सहाला पाच मिनिटं असताना ती उठली, दाराशी जाऊन बाजूला सरकली, आणि कुणाला तरी आधी जाऊ द्यावं तशी थोडा वेळ उभी राहिली. मग आत गेली, बोटाला शाई लावून घेतली, मत दिलं आणि घरी निघून गेली.

मशीनला मोहोर लागली. अधिकारी, दोन कर्मचारी, एक शिपाई आणि मी होडीत बसलो. ऊन कलतं होतं, पाणी अगदी कमी, खडकांतून वाट काढत होडी चालली होती. डोहावर आल्यावर तिप्पण्णानं वल्हं वर घेतलं. होडी जागच्या जागी हळूहळू फिरायला लागली.

"का रे थांबलास?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"जरा दम धरा, सायेब," तिप्पण्णा म्हणाला. "इथं उतरायची हायती ती."

अधिकाऱ्यांनी मशीनची पेटी जवळ ओढली. होडी एकदा हलली, मग थोडी हलकी झाल्यासारखी वर आली. तिप्पण्णानं वल्हं पाण्यात घातलं.